बांधावरचे साप

परक्या देशातून पहिल्यांदाच आलेल्या माणसाला तुम्ही तुमच्या गावाबद्दल काय सांगता? देऊळ किती जुनं, आंबे किती गोड, माणसं किती प्रेमळ, हे सोडून विचारतेय. त्याने चालायचं कुठून, पाणी कुठलं प्यायचं, सकाळी कुठल्या वाटेला जायचं नाही आणि का जायचं नाही, हे सांगता का? की हसून चहा पुढे करता?

आमच्या गावाने या प्रश्नाचं काय उत्तर दिलं, ते मी जवळून पाहिलेलं आहे. म्हणूनच विचारतेय.

माझे बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. रत्नागिरीहून आलेलं आमचं बिऱ्हाड भाईंदरजवळ मुर्ध्याला भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. बाबा रोज संध्याकाळी पिशवीतून फसलेली पत्रकं घेऊन यायचे. शाई पुसट लागलेली, एकावर एक दोनदा छापली गेलेली, वाकडी कापलेली. संपाची, मोर्च्यांची, भाववाढीची. आई ती डब्यांच्या तळाशी घालायची आणि डब्यात जाण्याआधी मी ती वाचून काढायचे. चिऊ-काऊच्या गोष्टींआधी मला ‘कामगार बंधूंनो’ वाचता येत होतं. त्यामुळे एक खोड लागली ती कायमची. जे खरं ते मोठ्या टायपात सांगायचं. ही खोड घरात कोणाला फारशी आवडत नसे. छापखान्यात सबंध दिवस मोठा टाइप जुळवून आलेल्या बाबांनाही नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी, शाळेत असताना, मला हॉलंडमधली एक मुलगी पत्रमैत्रीण म्हणून मिळाली. माझ्याच वयाची. आधी आम्ही फुलांची आणि पोस्टाच्या तिकिटांची पत्रं लिहायचो. मग तिकडच्या विद्यार्थ्यांच्या मोर्च्यांची आणि इकडच्या भाववाढीविरुद्धच्या मोर्च्यांची लिहायला लागलो. आणि एका हिवाळ्यात तिने कळवलं की ती भारतात येतेय आणि पहिले दोन आठवडे माझ्याकडे राहणार आहे. बांगलादेशाची लढाई नुकतीच संपली होती. गावातल्या काही खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद अजून चिकटलेले होते.

दोन खोल्यांत तिला ठेवणार कुठे? आमचे घरमालक, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, गावातले जुने शेतीवाले. भाताची शेती आणि मिठागरात हिस्सा. त्यांनी आपणहून पुढची खोली रिकामी केली. काकूंनी परसात बांबू रोवून, चटया बांधून पाहुणीसाठी वेगळा आडोसा केला, आत खड्डा खणून घेतला, बाजूला पाण्याचं पिंप ठेवलं. अख्ख्या गल्लीत तशी सोय दुसऱ्या कोणाकडे नव्हती. प्रेमात काही कमी नव्हतं, हे आधीच लिहून ठेवते. पुढचं सगळं प्रेमातूनच झालं.

ती स्टेशनवर उतरली ती एक जाड पुस्तिका हातात घेऊनच. परदेशी जाणाऱ्या तरुणांसाठी तिच्या देशात कोणीतरी इंग्रजीत काढलेली होती. टांग्यात बसल्या बसल्या मी ती मागून घेतली, कारण छापलेलं काही दिसलं की माझा हात राहत नाही. पाणी उकळून प्या. कापून ठेवलेली फळं खाऊ नका. पासपोर्ट आणि पैसे कापडी पट्ट्यात कपड्यांच्या आत ठेवा. कुठे जाताय ते कोणाला तरी सांगून जा. आणि शेवटी ठळक अक्षरांत एक सूचना. धोका कुठे आहे, हे तिथल्या माणसांना विचारा, ते तुमच्यापेक्षा जास्त जाणतात.

मला ते वाक्य फार आवडलं. मी तिला म्हटलं, “हे बरोबर लिहिलंय. आम्हाला विचार.”

ती म्हणाली, “म्हणून तर आधी तुझ्याकडे आले.”

पहिले दोन दिवस ती सगळ्यांना विचारत होती. भाईंदरच्या बाजारातल्या वाण्याने तिला निक्षून सांगितलं, “बेन, उघडा माल खाऊ नको. केळा खा. साल काढून.” तिने ते शेवटपर्यंत पाळलं. टांगेवाल्याने सांगितलं की अंधार पडल्यावर स्टेशनवर एकट्याने घोळक्यात शिरू नका. तेही पाळलं. उकळलेलं पाणी थंड व्हायला वेळ लागायचा, तर ती घसा कोरडा करून बसून राहायची, पण माठातलं प्यायची नाही. काकू म्हणायच्या, “लय शिस्तीची पोर हाय. आमच्या पोरांना शिकव जरा.”

तिसऱ्या सकाळी मी उठले तर तिचं अंथरूण रिकामं. उजाडत होतं. मी अंगणात येते तोच ती मिठागराच्या बाजूने परत येताना दिसली. गाल थंडीने लाल, डोळे चमकताहेत.

“केवढं सुंदर आहे तिकडे,” ती म्हणाली. “वाफ्यांमध्ये आकाश दिसतं. पण एक विचारू? बांधावर ओळीने माणसं बसली होती. मला बघून कित्येक जण उठून पळाले. एकाने छत्री उघडली आणि तिच्यामागे बसून राहिला. पाऊस तर नव्हता. ती प्रार्थनेची वेळ असते का?”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात काकू चहाचा कप घेऊन मागून आल्या आणि माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझं वाक्य तिथेच तुटलं.

पाहुणीच्या आडोशातला खड्डा सोडला तर गावात तेव्हा संडास नव्हते. पहाटे पुरुष एका बांधावर जात, बायका खाडीकडच्या तिवरांच्या झाडीच्या बाजूच्या दुसऱ्या बांधावर. पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. कोणी कोणाकडे बघायचं नाही, कोणी त्याबद्दल बोलायचं नाही. ज्याने छत्री उघडली तो गावातला मान्यवर माणूस होता आणि त्या दिवशी तो घराबाहेरच पडला नाही.

संध्याकाळी काकांच्या ओटीवर बैठक बसली. बाबाही होते. पाहुणी आत काकूंच्या सुनेकडून भाकरी थापायला शिकत होती आणि तिच्या हसण्याचा आवाज बाहेर येत होता.

“तिला सांगा, सकाळची भाईर जाव नको,” एक जण म्हणाला.

“का, म्हणून विचारील.”

“पोलिसाचा हुकूम हाय म्हनून सांगा.”

“पोलिसाला काय पडलीय आपल्या बांधाची?”

मग छत्रीवाल्यांचा भाऊ म्हणाला, “साप सांगा. गोरी मानसं सापाला लय भितात. त्यांच्या पुस्तकात पन लिवलेलं असतंय.”

सगळ्यांना ते पटलं. मी मधे बोलले. मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

“खरं सांगू या ना. दोन वाक्यांचं काम आहे. सकाळी पुरुष या बांधावर शौचाला जातात, बायका त्या बांधावर. ऊन वर आल्यावर तू कुठेही फिर. झालं.”

मग काका माझ्याकडे न बघता म्हणाले, “आनि ती तिच्या देशात जाऊन काय सांगंल? मुर्ध्याची लोकं बांधावर बसतात?”

“बसतातच ना?”

“बसतात म्हनून काय बोर्ड लावाचा?”

सगळे हसले. मी बाबांकडे पाहिलं. आयुष्यभर सत्य, न्याय, जनता हे शब्द ज्यांनी शिशाच्या खिळ्यांत जुळवले, ते माझे बाबा. ते चुना मळत म्हणाले, “जाऊ दे गं. चार दिवसांची पाहुणी. कशाला उगाच?” आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, “आपण त्यांच्या जागेत राहतो. गप्प राहा.”

मी म्हटलं, “मी खोटं भाषांतर करणार नाही.”

“नको करू,” काका म्हणाले. “मला येतंय.”

आणि त्यांना आलं. त्यांनी पाहुणीला बाहेर बोलावलं, बांधाकडे बोट दाखवलं, उजव्या हाताचा फणा केला, तो डोलवला आणि तिच्या मनगटावर टोचला. “स्नेक! बिग! मॉर्निंग, नो गो!” तिने डोळे मोठे केले, मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तिथून उठून गेले. विहिरीपर्यंत गेले, परत आले, परत गेले. त्या आठवड्याभर माझी चालच तशी होऊन बसली होती. एका जागी बसवत नव्हतं.

एकदा सापाने काम केल्यावर गावाला चव लागली. ज्याला ज्याला तिने जिथे जिथे जाऊ नये असं वाटत होतं, त्याने त्याने एकेक संकट उभं केलं. चिंचेच्या झाडाखाली जुगाराचा अड्डा बसायचा, तर तिथे बाई बसते, पांढऱ्या साडीतली. दारूच्या भट्टीकडे पिसाळलेली कुत्री. मागच्या वाडीत दोन भावांचं भांडण चाललं होतं, तर तिकडे देवीची साथ. खाणाखुणा करून, मोडकंतोडकं बोलून, लहान पोरांकरवी. ती सगळं ऐकून घ्यायची. पण तिचे पाय आखडायला लागले. दिवसभर ओटीवर बसायचं आणि गावच्या बायकांनी समोर बसून तिचं जेवण बघायचं. ती उठून उभी राहिली की चार जणी विचारायच्या, कुठे? ती एकदा मला म्हणाली, “माझ्या पुस्तिकेत लिहिलंय की हरवू नका. इथे मला हरवायला जागाच नाही.”

आणि मग तिने खिडकीतून पाहिलं. पहाटेच्या अर्धवट अंधारात काकू आणि आणखी बायका, हातात तांबे घेऊन, अनवाणी, गप्पा मारत, हसत, बांधावरून चालल्या होत्या.

तिने मला जागं केलं. “यांना साप चावत नाहीत?”

“सापांबद्दल मला विचारू नकोस,” मी म्हणाले. “ते मी बोललेले नाही.”

ती हसायला लागली. तिला वाटलं, ही सगळी पाहुणीला घरात ठेवण्याची गंमत आहे. मायेने केलेली. त्या दिवसापासून कोणी काही बजावलं की ती काकांसारखा हाताचा फणा करून दाखवायची. पोरं खूश व्हायची. काकाही हसायचे, कारण आता सकाळी ती बाहेर पडत नव्हती. पडत नव्हती ती माझ्यासाठी. तिला दिसत होतं की त्या बांधाचा विषय निघाला की माझा चेहरा बदलतो.

या सगळ्यात एक गोष्ट खरी होती आणि ती काकूंनी सांगितली. कपडे वाळत घालता घालता, खाडीकडे बोट दाखवून. “बाय, मिठागराचा बांध संपला की तिवरांच्या खाली उतरू नको. पानी नसलं तरी उतरू नको. तिथला गाळ मानूस खातो.”

हे मात्र मी भाषांतर केलं. शब्दाला शब्द.

“गाळ खातो,” ती म्हणाली. “साप चावतो, चिंचेवर बाई बसते, आणि आता गाळ खातो.” फणा. काकूंना राग आला नाही, त्या हसल्या, आणि हसल्या म्हणून तिला आणखीच खात्री पटली.

“हे खरं आहे,” मी म्हणाले.

“सापासारखं?”

मग ती मला समजावून सांगायला लागली. तिच्या देशात उत्तरेला समुद्र मागे हटला की माणसं टोळीने चिखलातून चालत बेटावर जातात. ती लहानपणापासून गेली होती. भरती-ओहोटीचं तिला कळत होतं. घोट्यापर्यंत पाय रुततात, मजा येते. खाली वाळू असते. तिने पायाने जमीन दाबून दाखवली. मी मिठागराच्या गावात राहणारी, पण रत्नागिरीच्या माणसांची मुलगी. आमचा गाळ किती खोल ते मी ऐकलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. मी परत परत तेच वाक्य म्हणत राहिले आणि प्रत्येक वेळी ते जास्त खोटं वाटत गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाजारातून रॉकेल घेऊन आले, तर काकूंची सून म्हणाली, “तुझी मडम मिठागर बघाय गेली. एकटीच. सांगून गेली हां, बरोबर सांगून गेली.”

पुस्तिकेप्रमाणे. कुठे जाताय ते सांगून जा.

मी रॉकेलचा डबा तिथेच ठेवला आणि पळत सुटले. मिठागरात काम जोरात होतं. बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन बांधावरून ढिगाकडे चालल्या होत्या, पुरुष लांब दांड्यांच्या लाकडी फावड्यांनी वाफ्यांतलं मीठ ओढत होते. काका त्यांच्या हिश्शाच्या वाफ्यांवर उभे होते. मी विचारलं. त्यांनी नुसतं शेवटच्या बांधाकडे बोट केलं. तिने त्यांना हात केला होता, त्यांनीही केला होता.

शेवटच्या बांधावर पोचले तेव्हा ती मला दिसली. तिवरांच्या पलीकडे, उघड्या गाळात. ओहोटी होती. चपला हातात, स्कर्ट गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. गाळावर निवटे, ते चिखलातले इवले मासे, उड्या मारत होते आणि ती वाकून त्यांच्याकडे बघत पुढे पुढे चालली होती. खाडीपलीकडे वसईचा किनारा उन्हात दिसत होता. घोट्याच्या वर गाळ आलेला होता. आणि तिच्या पुढे थोड्या अंतरावर गाळाचा रंग बदलत होता. तिथे ओहोळ होता, वरून सपाट आणि चकचकीत. काम करणाऱ्या बायकांनी पाट्या खाली ठेवल्या. एक जण म्हणाली, “आय गं. त्या व्हाळात गेली म्हंजे गेली.”

मी ओरडले. “थांब! पुढे जाऊ नको!”

तिने वळून पाहिलं, हसली, हात वर केला आणि फणा करून दाखवला.

आणि पुढचं पाऊल टाकलं.

पोहत जाता येत नाही, पळत जाता येत नाही, दगड मारून थांबवता येत नाही. माझ्याकडे फक्त आवाज होता आणि त्या आवाजावर तिचा विश्वास नव्हता. तो परत मिळवायला एकच गोष्ट सांगता येण्यासारखी होती. मी इंग्रजीत, छाती फुटेल असं, ओरडले. साप नव्हते! साप खोटे होते! सकाळी त्या बांधावर सगळे पुरुष संडासला बसतात! गावात संडास नाही! आम्हाला लाज वाटली म्हणून खोटं सांगितलं! भूत खोटं, कुत्री खोटी, साथ खोटी! गाळ खरा आहे! फक्त गाळ खरा आहे!

मिठागरात इंग्रजी कोणाला येत नव्हतं, पण संडास या अर्थाचा इंग्रजी शब्द सगळ्यांना येत होता. मी तो दोनदा उच्चारला. कोणीतरी फिसकन हसलं. काका धावत माझ्यामागे आले होते. “गप्प बस गं,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “अख्खं मिठागर ऐकतंय.”

“ऐकू दे!” मी म्हणाले.

तिकडे ती थांबली होती. फणा केलेला हात खाली आला. ती माझ्याकडे बघत होती आणि एवढ्या लांबूनही मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला आता सगळं दिसतंय. छत्री, पळणारी माणसं, काकूंचा तांबा. तिने परत फिरण्यासाठी पाय उचलला. तो आला नाही. दुसऱ्यावर जोर दिला तर तो गुडघ्याच्या वरपर्यंत रुतला.

मग काकांनी पुढे होऊन पाहिलं, धोतर कमरेला खोचलं आणि मागे वळून ओरडले, “फल्या आना रे! चरावरच्या फल्या काढा! फावडी आना!” मला म्हणाले, “सांग तिला, हलू नको. पोटावर झोप म्हनाव. हात पसर.”

मी सांगितलं. ती लगेच झोपली. एकदाही फणा नाही, एकदाही प्रश्न नाही. गाळात गाल टेकवून, हात पसरून. चर ओलांडण्यासाठी टाकलेल्या फळ्या माणसांनी उचलून आणल्या, एकीपुढे एक टाकल्या, आणि काका पोटावर सरपटत शेवटच्या फळीपर्यंत गेले. मागे त्यांचे पाय एकाने धरले, त्याचे दुसऱ्याने. ओहोळात पाणी चढायला लागलेलं दिसत होतं. आवाज न करता, गाळाच्या रंगाचंच. फावड्याचा दांडा तिच्या हाताशी आला, तिने धरला, आणि त्यांनी तिला ओढलं. एकेक वीत. गाळ सोडताना असा आवाज करत होता की पाट्यावाल्या बायकांनी कानांवर हात ठेवले.

विहिरीवर काकूंनी तिच्यावर पाणी ओतलं, एक बादली शिव्यांची, एक बादली मायेची. “सांगितलं व्हतं ना? गाळ खातो म्हनून सांगितलं व्हतं ना?” पट्ट्यातला पासपोर्ट भिजून फुगला होता. मी तिला टॉवेल दिला, तर तिने तो घेतला आणि म्हणाली, “तुमच्याकडे संडास नाही याची मला का लाज वाटली असती? माझ्या आजोळी शेतावर कुठे होता? मला फक्त कुठून चालायचं तेवढं हवं होतं.” ती रागावलेली होती आणि मला ते बरं वाटलं. आठवड्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी सरळ बोलत होतं.

संध्याकाळी काका ओटीवर आले. धुतलेलं धोतर, पण कोपरांना गाळ तसाच. बैठकीतली सगळी माणसं होती. छत्रीवालेही आले होते. काका बसले नाहीत. उभ्यानेच मला म्हणाले, “सांग तिला. सकालचे पुरुष ह्या बांधावर, बाया त्या बांधावर. दिस वर आला का दोन्ही बांध तिचे. चिंचंखाली पत्ते कुटतात, तिथं जाव नको, पिऊन भांडतात. वाडीत साथ न्हाय, दोघं भाऊ येडे हायत.” त्यांनी श्वास घेतला. “आनि साप मी लावला.”

हे भाषांतर मी केलं. आवडीने केलं. बाबा खाली बघत होते.

तिने काकांना हात जोडले, आणि मग, तिचीच ती, पेन्सिल मागितली. रात्रीच्या जेवणापर्यंत गाव तिला स्वतःचा नकाशा सांगत होतं. भरतीच्या वेळा कशा सरकतात, कुठल्या विहिरीचं पाणी गोडं, कुठे एकट्या बाईने थांबावं आणि कुठे थांबू नये. सांगताना माणसं एकमेकांना दुरुस्त करत होती, चढाओढ लागली होती. “ती विहीर सांगू नको रे, तिच्यात गेल्या साली शेळी पडली व्हती.” “म्हनून तर सांगाचं!” तिचे उरलेले दिवस ती सगळीकडे फिरली. एकटी. एस.टी.ने पार तारोडीपर्यंत जाऊन आली, समुद्रात पाय भिजवून, संध्याकाळच्या आत.

ती गेल्यावर मी एक पत्रक लिहिलं. ‘या गावात नव्याने येणाऱ्या माणसासाठी’. बाबांनी ते छापखान्यात उरलेल्या कागदावर, मालकाला विचारून, स्वतः जुळवलं. माझ्याशी त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण पहिल्या ओळीला त्यांनी सगळ्यात मोठा टाइप लावला होता. पहिली ओळ बांधाची होती. टांग्यांच्या अड्ड्यावर आणि एस.टी.च्या थांब्यावर मी ती पत्रकं चिकटवली. आठवड्याच्या आत पहिली ओळ कोणीतरी नखाने खरवडून काढली. बाकीचं शिल्लक ठेवलं. मी परत चिकटवली, परत खरवडली गेली. काकांना विचारलं तर म्हणाले, “मी न्हाय. पन समजतंय मला कोन ते.”

आज हे लिहिताना मिठागरांत भराव पडतोय. स्टेशनजवळ सोसायट्या उभ्या राहतायत, खाडीच्या बाजूने चाळी. रोज नवी बिऱ्हाडं उतरतात. रत्नागिरीची, रायगडची, गुजरातेतली, उत्तरेतली. त्यांना कोणाला पासपोर्ट लागलेला नाही, पण हा देश त्यांनाही नवाच आहे. गेल्या वर्षी एका नव्या चाळीतला माणूस चिंबोऱ्या पकडायला तिवरांच्या खाली उतरला. त्याला कोणी गाळाचं सांगितलं नव्हतं. चाळ बांधणाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना वाटलं, सांगितलं तर जागेचं नाव खराब होईल, अजून खोल्या विकायच्या आहेत. त्याला वर काढलं तेव्हा भरती येऊन ओसरून गेली होती.

मी त्या चाळीत गेले. त्याची बायको दारात बसली होती. ती मला एवढंच म्हणाली, “कोणीतरी बोललं असतं तरी चाललं असतं.”

म्हणून आता तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते आजच करा. तुमच्या गल्लीत, चाळीत, गावात नवीन आलेलं माणूस शोधा. परदेशातलं असो की पलीकडच्या जिल्ह्यातलं. त्याच्या दारात जा. कुठलं पाणी पिऊ नये, कुठली वाट पहाटे टाळावी, कुठे उतरू नये आणि का, हे त्याला कारणासकट सांगा. मग खडूचा एक तुकडा घ्या आणि तेच थांब्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. जी ओळ लिहायची तुम्हाला लाज वाटेल, ती सगळ्यात आधी लिहा. कोणी ती खरवडली, तर पुन्हा लिहा.